माहेरच्या गावी लॉजवर

आमच्या घरात ‘लॉज’ हा शब्द कधी चांगल्या अर्थाने वापरला गेला नाही. आम्ही भावंडं रात्री उशिरा घरी आलो, किंवा न सांगता जेवून आलो, की आई म्हणायची, “घर आहे की लॉज?” बुऱ्हाणपुरात लॉज होते, बसस्टँडच्या आसपास तर बरेच होते, पण ते कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी आणि औषध कंपन्यांच्या एमआरसाठी, अशी आमची पक्की समजूत. आपल्या ओळखीच्या माणसाने तिथे उतरायचं नसतं. तो आपल्याकडे उतरतो.

आणि खरोखरच उतरायचे. राजपुऱ्यातल्या आमच्या वाड्यात एकही आठवडा बिनपाहुण्याचा गेलेला मला आठवत नाही. भुसावळची गाडी चुकलेले, खंडव्याला मुलगी बघायला निघालेले, रावेरहून कोर्टाच्या तारखेला आलेले, आणि ज्यांचं नातं नेमकं काय हे बाबांनाही सांगता येत नसे असे. माडीवर गाद्यांची एक चळत कायम रचलेली असे. पाहुणा किती दिवस राहणार, हे विचारायची पद्धत नव्हती. त्याने सकाळी आंघोळीनंतर पिशवी आवरायला घेतली की समजायचं.

तो वाडा २०१६ मध्ये विकला. चार भावांच्या वाटण्या, गळकं छप्पर, बाबा गेलेले, आम्ही दोघं भावंडं बाहेर. तुमच्यापैकी बऱ्याच घरांमधून ही गोष्ट थोड्याफार फरकाने घडली असेल, त्यामुळे तपशील सांगत नाही. आई पुण्याला भावाकडे गेली. मी लग्नानंतर इंदूरचीच. मागच्या हिवाळ्यात आई नातीला, म्हणजे माझ्या भाचीला, घेऊन माझ्याकडे आली आणि चौथ्या दिवशी म्हणाली, “एकदा तापीत पाय बुडवून येऊ या.”

जायचं हे लगेच ठरलं. प्रश्न आला उतरायचं कुठे याचा. लालबागला चुलतभाऊ आहे. घर दोन खोल्यांचं, मुलगा बारावीला, आणि संडास भारतीय पद्धतीचा. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. हे सगळं माहीत असूनही आई म्हणत होती, “गावात आपली माणसं असताना लॉजवर उतरायचं? त्यांना काय वाटेल?” भाची म्हणाली, “आजी, बारावीच्या पोराच्या घरी तीन माणसं न विचारता गेली तर त्याला काय वाटेल?” आई दोन दिवस या विषयावर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “वेस्टर्न आहे का तेवढं विचारून घे.” म्हणजे होकार.

भाचीने फोनवर फोटो पाहून तीन ठिकाणं काढली. स्वस्त लॉजचे फोटो सगळे एकाच खोलीचे असतात आणि ती खोली आपल्याला कधीच मिळत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणून मी फोन केले. तळमजल्यावर खोली आहे का, कमोड आहे का, गरम पाणी किती वाजता. एकाने तिन्हीची उत्तरं न अडखळता दिली. तीन खाटांची खोली, अकराशे रुपये. तिथेच ठरवलं.

इंदूरहून बसने निघालो. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडली, दुपारी डोंगरावर आसीरगड दिसला आणि आई ताठ बसली. आसीरगड दिसला की गाव आलंच.

लॉजच्या काउंटरवर तिशीचा एक मॅनेजर होता. त्याने तिघींची आधार कार्डं मागितली. माझं पाहिलं, भाचीचं पाहिलं, आईचं पाहून बाजूला ठेवलं. “माँजी का आधार लोकल है. लोकल आयडी पे रूम नहीं देते.”

हा नियम तरुण वाचकांना माहीत असेल; बऱ्याच शहरांतले छोटे लॉज तो पाळतात. गावातल्या माणसाने गावातच खोली घेतली म्हणजे काहीतरी भानगड असणार, दारूची पार्टी नाहीतर पळून आलेलं जोडपं, आणि उगाच पोलिसांची चौकशी मागे लागणार, असा त्यामागचा हिशेब. आमच्याकडे भानगड एवढीच होती, की इतकी वर्षं पुण्यात राहून आईने आधारवरचा पत्ता बदलला नव्हता. भावाने कितीदा सांगितलं. बँकेच्या कामाला अडतं, दवाखान्यात विचारतात. तिचं उत्तर ठरलेलं: “तेवढा राहू दे.” राजपुऱ्यात आता तिचं असं तेवढंच उरलं होतं, आणि त्याच पत्त्यामुळे तिला गावात खोली मिळत नव्हती.

“घर है यहाँ, तो रूम क्यों चाहिए?” मॅनेजरने विचारलं. उद्धटपणे नाही, त्याला खरंच कळत नव्हतं.

“घर था, बेटा,” आई म्हणाली. “बेच दिया.”

भाची रागाने काहीतरी बोलणार होती, मी तिचा हात दाबला. मॅनेजरने विचारलं, कुठे होतं. आईने सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं. “ते मोबाइलच्या दुकानांचं कॉम्प्लेक्स झालंय, तिथे? लाकडी गॅलरी होती तो वाडा?” एकदम मराठीत. त्याचं आजोळ रावेरचं निघालं. आमच्या गावात हे असंच असतं, दोन मराठी माणसं बराच वेळ एकमेकांशी हिंदीत बोलत राहतात आणि मग कुणाचं तरी आजोळ निघतं. पुढे काम सोपं झालं. खोली माझ्या नावावर, आईचं नाव सोबतच्या माणसांत. रजिस्टरमध्ये एक रकाना येण्याच्या कारणाचा होता. शादी, इलाज, धंधा की घूमना, असं त्याने विचारलं. आई म्हणाली, “तापीवर जायचंय.” त्याने ‘घूमना’ लिहिलं.

खोली कशी होती? अकराशे रुपयांची होती. चादर धुतलेली, पण तिचा मूळ रंग कोणता ते सांगता येऊ नये अशी. खिडकी होती आणि उघडतही होती, ही मोठी गोष्ट. भाचीने कडी लावून पाहिली, नळ सोडून पाहिला, उशीचा अभ्रा नाकाशी नेला. मला तिचं कौतुक वाटलं. आम्ही तिच्या वयाच्या असताना खोली तपासायची कुठे असते हेच माहीत नव्हतं, कारण आम्ही कायम कुणाच्या तरी घरीच गेलो आणि तिथे मिळालं तिथे पडलो. तुम्हाला सांगते, अशा ठिकाणी तीनच गोष्टी बघाव्यात: आतली कडी, पाणी आणि काउंटरवरचा माणूस. बाकी सगळं एका रात्रीपुरतं चालतं.

बुऱ्हाणपुरातल्या खोलीबद्दल कुरकुरणारे आम्ही काही पहिले नव्हतो. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५च्या नोव्हेंबरात सुरतेहून जहांगीर बादशहाकडे जाताना इथे थांबला होता. कोतवालाने त्याला सरायीत चार खोल्या दिल्या. रोने आपल्या रोजनिशीत त्यांची तुलना चक्क भट्टीशी केली आहे, तेवढ्याच लहान आणि वरून तशाच गोल. एवढा मोठा वकील, त्याला अपमान वाटला. असल्या जागेत राहणार नाही, गाव सोडतो, असा निरोप त्याने कोतवालाला धाडला. कोतवालाने सकाळपर्यंत धीर धरायला सांगितलं. पण गावात याहून चांगली जागा नव्हतीच. शहजाद्याचं आणि खानाचं घर आणि आणखी चारदोन सोडली तर बाकी सगळी मातीची घरं. रोने शेवटी स्वतःच्या तंबूचा आधार घेतला. पुढे तो शहजादा परवीझच्या दरबारात गेला. तिथे त्याला बसायला खुर्ची मिळाली नाही, फार तर खांबाला टेकायची मुभा मिळाली. मग आजारीही पडला. ही गोष्ट मी रात्री खोलीत सांगितली तेव्हा भाची म्हणाली, “म्हणजे वन स्टार रिव्ह्यू.” आईला तिचं म्हणणं समजावून सांगावं लागलं. मग ती इतकी हसली, की शेजारच्या खोलीतून कुणीतरी भिंतीवर थाप मारली.

त्या काळच्या सरायीपैकी अकबरी सराय अजून गावात उभी आहे. नाव अकबराचं, बांधकाम जहांगीरच्या काळातलं. लहानपणी तिच्यावरून कितीदा गेले असेन, पण हे आपल्या गावचं जुनं लॉज आहे असं कधी मनात आलं नाही.

खरं तर आमचं गाव मुक्कामाचंच. दख्खनेत उतरायचं किंवा दख्खनेतून वर जायचं तर आसीरगडाच्या पायथ्याने इथूनच वाट. पुण्यात आईला कुणी गाव विचारलं आणि तिने बुऱ्हाणपूर सांगितलं, की पुढचा प्रश्न येतो, “ते संभाजी महाराजांनी लुटलं ते?” तेच. १६८१ साली हंबीरराव मोहित्यांची फौज आली ती सोनंनाणं घेऊन निघूनही गेली. पुरंदरचा तह करणारा मिर्झाराजा जयसिंग दख्खनेतून परत फिरला आणि १६६७ मध्ये इथेच वारला. त्याची छत्री तापी-मोहना संगमापाशी आहे. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला जाताना थांबले, त्यांच्या मुक्कामाच्या जागी गुरुद्वारा आहे. मुमताज महल चौदाव्या बाळंतपणात १६३१च्या जूनमध्ये इथे वारली. तिला तापीपलीकडे जैनाबादच्या आहुखान्यात पुरलं आणि डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेला. ताजमहाल सगळ्या जगाला माहीत. आहुखान्यात आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय दोन शेळ्या होत्या.

रात्री पॉवरलूमचा आवाज सुरू झाला. खरं तर तो कधी बंद नसतोच, रस्त्यावरची रहदारी थांबली की ऐकू येतो. खटखट, खटखट, एका पट्टीत. भाचीने कानात बोळे घातले, कूस बदलली, शेवटी उठून बसली. आई मात्र पाच मिनिटांत झोपली. पुण्याच्या फ्लॅटमध्ये झोपेची गोळी घेऊनही तिला दोन वाजेपर्यंत झोप येत नाही, असं भाची मला कुजबुजत सांगत होती. गोळ्यांची डबी पर्समध्येच राहिली होती.

सकाळी राजघाटावर गेलो. पाणी कमी होतं, नदीतला दगडी हत्ती चांगला दिसत होता. लहानपणी पुराची बातमी आम्ही या हत्तीवरूनच सांगायचो, पाणी कुठवर आलं, पाठ बुडाली का. आईने मला आणि भाचीला धरून तीन पायऱ्या उतरल्या आणि पाय बुडवले. काही बोलली नाही. मग जामा मशिदीत गेलो. तिथे भाचीला संस्कृत शिलालेख दाखवला. फारुकी सुलतानाने १५९०च्या सुमारास अरबीबरोबर संस्कृतातही लेख कोरून घेतला आहे. तिने बराच वेळ लावून थोडी अक्षरं वाचली. मावा जिलेबी खाल्ली, दराबा बांधून घेतला. राजपुऱ्यात जायचं का, असं मी आईला विचारलं. “काय करायचंय?” म्हणाली. पण रिक्षा तिकडूनच गेली आणि तिने मान वळवून पाहिलं. तळमजल्यावर ओळीने शटर, वर मोबाइल कंपनीचा भला मोठा फलक. शेजारचा कडुलिंब मात्र होता.

लॉजवर परतलो तर काउंटरजवळच्या बाकावर चुलतभाऊ आणि वहिनी बसलेले. मॅनेजरने कुणाला तरी सांगितलं, त्याने आणखी कुणाला, आणि चोवीस तासांच्या आत बातमी लालबागला पोहोचली होती. वहिनीच्या मांडीवर चार पुडांचा डबा. “काकू, हे काही बरं केलं नाहीत,” एवढंच ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. आई अपराध्यासारखी उभी. मी परीक्षेचं सांगितलं, गुडघ्यांचं सांगितलं. वहिनीला ते सगळं पटत होतं आणि तरी राग जात नव्हता. दोन्ही खरं होतं. मला विचाराल तर आम्ही केलं ते योग्यच केलं, पुन्हाही तसंच करीन, पण तिचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. शेवटी भाचीने डबा उघडला. खोलीतल्या दोन खाटा जोडून त्यावर वर्तमानपत्र पसरलं आणि आम्ही पाचजण तिथेच जेवलो. भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. चुलतभावाने जाताना खोली नीट पाहून घेतली आणि म्हणाला, “जागा बरी आहे. पुढच्या महिन्यात साडूच्या घरचं लग्न आहे, पाहुण्यांसाठी चारपाच खोल्या लागतील.” मग बाहेर जाऊन त्याने मॅनेजरशी भावाची बोलणी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी निघताना हिशेब मी चुकता करत होते. आई काउंटरला टेकून उभी होती. तिने मॅनेजरला विचारलं, “पुढच्या वेळी एकटी आले तर? या आधारवर देशील का खोली?”

तो थोडा घुटमळला. नियम तसाच होता. मग म्हणाला, “आजी, येण्याआधी फोन करा.”

आईने पर्समधून छोटी डायरी काढली आणि चष्मा लावून त्याचा नंबर स्वतःच्या हाताने लिहून घेतला.