कवचाखालची जखम

शेजारचं बिऱ्हाड सुरतेला हललं आणि त्यांच्या मुलाचं कासव आमच्याकडे आलं. कानामागे लाल पट्टा असलेलं, मूळचं अमेरिकेतलं. विश्वामित्री नदीतली आपली कासवं पाळायला १९७२च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे. ही परदेशी पिल्लं मात्र काचेच्या भांड्यातून सर्रास विकली जातात.

जानेवारी होता. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात सकाळी पाण्यात हात घालवत नव्हता. कासवाने खाणं सोडलं. उलटं करून पाहिलं तर पोटाकडच्या कवचाखाली लाली पसरलेली, कडेचा एक खवला मऊ पडलेला. दाबला की घाण वासाचं पाणी येई.

उत्तरायणाचे दिवस, त्यामुळे दवाखान्यात मांज्याने कापलेल्या कबुतरांची खोकी रचलेली. त्या गर्दीतही डॉक्टरबाईंनी वेळ काढला. जंतू रक्तात उतरलेत, म्हणाल्या. एअरोमोनास, सिट्रोबॅक्टर असले जंतू मैल्या पाण्यात असतातच. कासव अशक्त झालं, कवचाला चीर पडली की आत शिरतात. आणि कवच म्हणजे निर्जीव झाकण नव्हे. वरच्या खवल्यांखाली जिवंत हाड असतं. कासवाचा पू चक्क्यासारखा घट्ट, आपोआप वाहून जात नाही. तो त्यांनी खरवडून काढला.

मला सगळ्यात पटलं ते त्यांचं उबेवर बोट ठेवणं. कासवाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही आणि गारठलेलं शरीर जंतूंशी झगडू शकत नाही. म्हणजे नुसत्या औषधाने भागणार नव्हतं. खोक्यावर दिवा टांगला, आत तापमापक ठेवला. दिवसातला बराच वेळ त्याला कोरडं ठेवायचं, पाण्यात सोडायचं ते पिण्या-खाण्यापुरतं. जखमेवर पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन. सेफ्टाझिडिमचं इंजेक्शन दर तिसऱ्या दिवशी, तेही पुढच्या पायात. मागच्या पायांकडचं रक्त आधी मूत्रपिंडाकडे वळू शकतं म्हणून.

आईने बजावलं, स्वयंपाकघराच्या मोरीत त्याचं भांडं धुवायचं नाही. बरोबरच होतं तिचं. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला असू शकतो. मुलांना त्याची लागण होते म्हणून अमेरिकेने १९७५मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली.

“सूरसागर तलावात सोडून दे की,” असं गल्लीतल्या दोघातिघांनी सुचवलं. मी ठाम नाही म्हटलं. ते तिथे जगलं तर आपल्या कासवांचं अन्न आणि उन्हाची जागा बळकावणार, शिवाय रोग घेऊन जाणार ते वेगळंच.

होळीच्या सुमारास ते पुन्हा नीट खाऊ लागलं. खवल्याच्या जागी खड्डा आहे. हाड भरायला खूप वेळ लागतो. सुरतेहून मुलगा फोन करतो, “मावशी, नेऊ का आता?” मी त्याला आधी मोठी टाकी, फिल्टर आणि अतिनील किरणांचा दिवा घ्यायला सांगितलंय. टाकीचा फोटो त्याने पाठवला, दिवा अजून यायचाय.