राखलेली पानगळ

ऑक्टोबरच्या अखेरीस केझिकहून निघालेली लाँच डर्वेंटवॉटरच्या पश्चिम काठाला लागते, तेव्हा समोरची कॅटबेल्स टेकडी वाळलेल्या नेच्यांनी गंजाच्या रंगाची झालेली असते. खाली ब्रँडलहाउच्या राईत ओक तांबूस, बर्च पिवळेधमक. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात पानगळ पाहायला आलेला प्रवासी इथे पाण्याच्या कडेकडेने मनसोक्त हिंडतो, ते एका वर्गणीमुळे.

ही जागा बांधकामांच्या घशात जाण्याची भीती होती. केझिकजवळचे धर्मगुरू हार्डविक रॉन्सली हे १८९५ साली स्थापन झालेल्या, अशा जागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचे एक संस्थापक. त्यांच्या पुढाकाराने लोकांनी पैसे जमवले, ट्रस्टने राई विकत घेतली आणि १९०२च्या ऑक्टोबरातच ती सर्वांना खुली झाली. राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं ते पुढे १९५१ साली, आणि २०१७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

केझिकहून दक्षिणेला जाणारी बस थर्लमिअर जलाशयाच्या कडेने ग्रासमिअरला उतरवते. इथल्या डव्ह कॉटेजमध्ये कवी विल्यम वर्ड्सवर्थ १७९९ ते १८०८ राहिला. या तळ्यांवर त्याने प्रवाशांसाठी मार्गदर्शिकाही लिहिली. तिच्यात त्याने बाहेरून आणून लावलेल्या लार्चवर कडक टीका केली आहे. त्याचा जीव होता तो ओक, बर्च, हॉली अशा इथल्याच झाडांवर.

आणि तरीही आज शरदात गर्दी खेचतात ते लार्चच!

कॉनिस्टनजवळच्या टार्न हाउज या तळ्याकाठी ते दिसतात. लार्च सूचिपर्णी, पण पानं गाळणारा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याच्या सुया हळदीसारख्या पिवळ्या होतात आणि अख्खा काठ पाण्यात उजळतो. हे तळंही नैसर्गिक नव्हे. जेम्स गार्थ मार्शल या जमीनदाराने १८६०च्या दशकात बांध घालून छोट्या तळ्यांचं एक तळं केलं, भोवती झाडं लावली. १९३० साली ही जमीन विकत घेतली बालसाहित्यकार बिएट्रिक्स पॉटर यांनी. अर्धी त्यांनी लगेच ट्रस्टला विकली. १९४३ साली त्या गेल्या, तेव्हा मृत्युपत्राने ४,००० एकरांहून अधिक जमीन ट्रस्टकडे आली.

तळ्याला फेरी मारायला तासभर पुरतो. मात्र ब्रिटनमधल्या लार्चवर २००९पासून फायटॉप्थोरा हा रोग पडला आहे. तो पसरू नये म्हणून लेक डिस्ट्रिक्टमध्येही झाडं तोडावी लागत आहेत. मोकळ्या झालेल्या अनेक जागी आता ओक आणि बर्च लावले जातात, म्हणजे वर्ड्सवर्थच्या आवडीची झाडं.