काळ्या घोड्याजवळील लोखंडी वास्तु

गेल्या पौषांत मुंबईस गेलों असतां काळ्या घोड्याजवळील एस्प्लनेड मॅन्शन मुद्दाम पाहून आलों. त्यास निमित्तहि तसेंच होतें. कोंकणांतील आमचें वडिलोपार्जित घर उतरवून त्या जागीं कारखान्यांत तयार केलेल्या भागांचें घर उभारावें, असा धाकट्या बंधूंचा आग्रह. "दादा, महिन्याभरांत घर उभें राहील आणि मालाची नासाडीहि व्हावयाची नाहीं," असें ते म्हणत. अशी वास्तु दीडशें वर्षांनीं कशी दिसते, हें मला पाहावयाचें होतें.

ही इमारत म्हणजे पूर्वींचें वॉटसन हॉटेल. १८६० नंतरच्या दशकांत ऑर्डिश नामक इंग्रज स्थापत्यविशारदाच्या आराखड्याप्रमाणें हिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडांत ओतून, सुटा करून, जहाजानें येथें आणला व जोडला. सर्व भार सांगाड्यावर. भिंती केवळ आडोशापुरत्या. येथेंच ७ जुलै १८९६ रोजीं लुमिएर बंधूंचीं हलतीं चित्रें हिंदुस्थानांत प्रथम दाखविण्यांत आलीं.

आज तिच्याकडे पाहून मन खिन्न होतें. २००५ सालीं तिच्या दर्शनी सज्जांचा भाग कोसळून एकाचा प्राण गेला. तिला धोक्यांतील जागतिक वास्तूंच्या यादींतहि स्थान मिळालें. समुद्राची खारी हवा, हॉटेल बंद झाल्यावर पाडलेल्या असंख्य खोल्या व वर्षानुवर्षांची हयगय यांपुढें लोखंडाचें काय चालणार?

तथापि दोष सुट्या भागांच्या युक्तीचा नव्हे. ह्याच ऑर्डिशनें ज्याच्या आराखड्यांवर काम केलें होतें, तो लंडनचा क्रिस्टल पॅलेस १८५१ चें प्रदर्शन संपल्यावर सुटा करण्यांत आला व १८५४ सालीं सिडनहॅम येथें अधिक मोठा होऊन पुन्हा उभा राहिला. १९३६ सालीं तो आगींत गेला, परंतु तोंवर त्याचें साहित्य दोनदां कामीं आलें होतें.

वाचकहो, ही युक्ति आपणांसहि अपरिचित नाहीं. आमच्या माजघराच्या तुळयांवर निरुपयोगी खांचा आहेत. लहानपणीं त्यांचें कोडें वाटे. त्या तुळया आजोबांनीं दुसऱ्या एका जुन्या घराच्या आणल्या होत्या, हें पुढें वडिलांनीं सांगितलें. खिळा न मारतां जोडलेलें लांकूड निघतें, आणि निघालेलें पुन्हा बसतें.

परतल्यावर मीं बंधूंस एकच विचारलें, "ह्या नव्या घराचे सांधे पुढें सोडवितां येतील काय?" त्यांनीं चौकशी केली. सांधे सिमेंटनें भरावयाचे होते; म्हणजे पाडतेवेळीं हातीं केवळ राडारोडा! कारखान्यांत माल कमी वायां जातो हें खरें, पण पुढें सर्वच वायां जाणार असेल तर बचत ती कसली?

अखेर असें ठरलें कीं, खांब-तुळयांवर क्रमांक घालून घर उतरवावें, एकहि तुळई विकूं नये, आणि नवें घर नटबोल्टांनीं जोडलेलें मिळेल तरच घ्यावें. दरवर्षीं रंग देण्याचा खर्च मात्र बंधूंनीं आपल्याकडे घेतला आहे. त्यांना मीं तसें लेखी मागितलें.