फोटोचा धनी

दिंडोरी म्हटले की लोकांस द्राक्षे आठवतात. आम्हांस तेथील एक छायाचित्रकार आठवतो. हा आमचा जुना विद्यार्थी. चाकरी कोणाचीच नाही. जत्रांच्या दिवसांत कुस्त्या व बैलगाडा शर्यती टिपावयाच्या आणि हंगामात द्राक्षांचे फोटो काढून द्यावयाचे, असा त्याचा दुहेरी प्रपंच. शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली, परवानगी मिळाली ती २०२१ च्या डिसेंबरात. मधला काळ त्याने बहुतेक द्राक्षांवरच काढला.

चितपट झालेला मल्ल टिपण्यात कौतुक नाही, असे तो म्हणतो. खरा फोटो त्याअगोदरचा: पाठ अजून मातीस लागलेली नाही, पण डोळ्यांस ते कळून चुकले आहे. त्यास सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. मात्र कुस्ती कळावी लागते. घड बिचारा हलत नाही, पण मण्यांवरची पांढुरकी साय बोट लागताच पुसते!

त्याचा एक फोटो एका व्यापाऱ्याच्या पेट्यांवर नावावाचून झळकला. आम्ही १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडला. कलम १७ म्हणते, मोबदला देऊन काढविलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, पैसे देणाराच. कलम ५७ कर्त्यास आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क ठेवते खरा. पण तो बजावावा तर पुढील हंगामाचे काम जावयाचे.

“सर, नावाने पोट भरत नाही,” तो म्हणाला. तरी आम्ही कराराचा एक साधा मराठी मसुदा त्यास लिहून दिला. दोन गिऱ्हाइकांनी सही केली; तिसरे आल्या पावली परत गेले.