आधी जंगल, मग मलाक्का

मलेशियाला निघालेल्या ओळखीच्या माणसांना मी वर्षानुवर्षं एकच सल्ला देत आलो: मलाक्का नीट बघा, पेनांगचं जॉर्जटाउन बघा, क्वालालंपूरला एखादा दिवस द्या आणि परत या. जंगलाच्या वाटेला जाऊ नका. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या माणसाने झाडं, पाऊस आणि जळवा बघायला विमानाचं तिकीट कशाला काढायचं, असं माझं म्हणणं असे. उमेदीची सगळी वर्षं इतिहास शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर छोटे गट घेऊन आग्नेय आशियात जाऊ लागलो, तेव्हाही कार्यक्रमात शहरंच शहरं. जंगल ही दोन शहरांमधली विश्रांती, हवी त्याने घ्यावी. आज माझं मत असं राहिलेलं नाही, आणि ते बदलल्यापासून मलाक्काही मला वेगळं दिसू लागलं आहे.

मलाक्कावर माझा जीव आहे, तो तसाच आहे. सुमात्रातून परागंदा झालेला परमेश्वर नावाचा राजपुत्र १४०० च्या सुमारास इथे आला. ज्या झाडाखाली बसून त्याने गाव वसवायचं ठरवलं असं सांगतात, ते झाड आवळ्याचं. सामुद्रधुनीतली जागा अशी, की पश्चिमेकडची गलबतं एका वाऱ्याने यायची आणि परतीच्या वाऱ्याची वाट बघत महिनोन्‌महिने थांबायची. चीनची जहाजं उलट्या वाऱ्याने यायची. या थांबण्यातून शहर उभं राहिलं. तोमे पिरेस या पोर्तुगिजाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलंय, की या बंदरात चौऱ्याऐंशी भाषा कानावर पडतात.

मराठी माणसाला तर मलाक्कात परकं वाटतच नाही. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या आल्बुकर्कने पुढच्याच वर्षी मलाक्का घेतलं. टेकडीवरच्या सेंट पॉल चर्चच्या उघड्या भिंतींवर हात ठेवा, जांभा दगड आहे, रत्नागिरीत आणि गोव्यात असतो तसाच भोकाभोकांचा, पावसाने काळवंडलेला. फ्रान्सिस झेवियरचं शव १५५३ मध्ये याच चर्चमध्ये पुरलं होतं, पुढच्या वर्षी ते गोव्यात आलं. उजोंग पासिरच्या वस्तीत आजही काही घरांत पोर्तुगीज वळणाची क्रिस्तांग भाषा बोलतात, आणि तिची बहीण शोभेल अशी भाषा आपल्या रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या कोर्लईत बोलतात. कोर्लईच्या माणसाला मलाक्काला न्यावं ही माझी फार दिवसांची इच्छा आहे.

जुन्या शहरातल्या एकाच रस्त्यावर चेंग हून तेंग हे सतराव्या शतकातलं चिनी मंदिर, काम्पोंग क्लिंगची अठराव्या शतकातली मशीद आणि १७८१ मध्ये बांधलेलं विनायगराचं देऊळ आहे. मशिदीचा मनोरा पॅगोड्यासारखा, खांब युरोपी थाटाचे. विनायगराचं देऊळ मलाक्का चेट्टींचं. तमिळ व्यापाऱ्यांचे हे वंशज घरात मलय बोलतात आणि देव मात्र हिंदू ठेवून आहेत. या रस्त्यावर उभं राहून मी गटाला सांगत असे, की मलय, चिनी आणि भारतीय हे तीन धागे, त्यावर पोर्तुगीज, डच आणि इंग्रज यांचे ठसे, असा हा देश विणला गेला. ऐकणाऱ्यांना ते पटे. मलाही पुरे वाटे.

एका गटात दापोलीच्या निवृत्त नर्सबाई होत्या. सुलतानाच्या राजवाड्याची लाकडी प्रतिकृती मलाक्कात उभारली आहे, आत देशोदेशीच्या व्यापाऱ्यांचे पुतळे मांडले आहेत. ते बघता बघता बाई म्हणाल्या, "सर, कापड गुजरातचं, रेशीम चीनचं, लवंग-जायफळ पार पूर्वेच्या बेटांवरचं. मग या गावाचं स्वतःचं काय?"

मी म्हटलं, जागा. सुरक्षित बंदर, ठरलेली जकात, वखारी. शिवाय कथील, आणि थोडाफार जंगली माल.

"जंगली माल म्हणजे काय काय?"

पुस्तकांत हा शब्द मी असंख्य वेळा वाचला होता. यादीच्या शेवटी तो असतो, आणि वाचणारा पुढच्या परिच्छेदाला लागतो. मला तीन-चार नावं सांगता आली. ती कुणी गोळा केली, कशी, त्यांना मोबदला काय मिळाला, यातलं काही सांगता आलं नाही. बाईंनी पुढे विचारलं नाही. प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला.

क्वालालंपूरलगत केपोंगला सरकारी वनसंशोधन संस्थेचं मोठं रान आहे. कथिलाच्या खाणींनी ओरबाडलेल्या जमिनीवर गेल्या शतकात माणसांनी हाताने लावलेलं. तिथे एका ठिकाणी मान वर केली की उंच झाडांचे शेंडे एकमेकांना न चिकटता, मध्ये बारीक फट ठेवून पसरलेले दिसतात. फोटो काढायला लोक तिथे येतात. मीही काढला. मग वाटाड्याने त्या झाडाचं एक पान उचललं, चुरगाळलं आणि माझ्या नाकाशी धरलं. देवघराचा वास आला.

ते कापुराचं झाड होतं. आपण ज्याला भीमसेनी कापूर म्हणतो, तो मुळात याच जातीच्या झाडाचा, सुमात्रा, बोर्निओ आणि मलाया इथल्या रानातला. आज बाजारात त्या नावाने विकल्या जाणाऱ्या सगळ्याच वड्या झाडाच्या असतात असं नाही, पण शतकानुशतकं आपल्या वैद्यांच्या खलात आणि देवळांच्या गाभाऱ्यात तो गेला तो तिथूनच. हा कापूर खोडाच्या आतल्या भेगांत खड्यांच्या रूपात साठतो. प्रत्येक झाडात तो नसतो, आणि आहे की नाही हे बाहेरून सहज कळत नाही. झाड पाडून चिरावं लागतं. कुठलं पाडायचं ते ओळखणारी माणसं जोहोर आणि पहांगच्या रानात राहत. कापूर शोधायला निघाली की ती रोजची भाषा बंद करत, वेगळीच कापूरबोली बोलत, खाण्यापिण्याचे नियम पाळत. नाही पाळले तर कापूर हाती लागत नाही अशी श्रद्धा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजांनी त्या बोलीतले शब्द टिपून ठेवले आहेत.

त्या पानाने मला कामाला लावलं. परतल्यावर मी जुनी पुस्तकं पुन्हा काढली, या वेळी यादीच्या शेवटाकडून. अगरू घ्या. अत्तरात आणि धुपात आपण तो वापरतो. झाडाला जखम झाली, तिच्यात बुरशी शिरली, की झाड काळपट सुगंधी राळ तयार करतं, तोच अगरू. त्याच्या मुख्य जातीच्या शास्त्रीय नावात मलाक्का आहे, कारण जगाने हे लाकूड त्या बंदरातून ओळखलं. गटापर्चा घ्या. रानातल्या एका झाडाचा हा चीक समुद्राच्या पाण्यात खराब होत नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारांना त्याचं आवरण देत. १८७० मध्ये मुंबई एडनमार्गे सुएझशी तारेने जोडली गेली. मुंबईचे कापसाचे भाव लंडनला झटपट कळू लागले, त्या तारेभोवती याच रानांतला चीक होता. चिकासाठी झाडच आडवं करत, आणि एका झाडातून निघे अगदी थोडा. शतक संपेपर्यंत ही झाडं जागोजाग संपली होती.

आणि यात एक साखळी आहे, ती मी कधी जोडून बघितलीच नव्हती. खंबातचं कापड मलाक्काला उतरे, तिथून मलय व्यापाऱ्याच्या होडीतून नदीने वर जाई, मीठ आणि लोखंडी पात्यांबरोबर रानातल्या माणसाच्या हाती पडे, आणि बदल्यात कापूर, वेत, राळ, अगरू, मेण खाली येई. सौदा बरोबरीचा नव्हता. याच माणसांवर धाडी घालून, बायका-मुलं पकडून गुलाम म्हणून विकण्याचा धंदाही त्याच नद्यांवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत चालला. मलाक्काच्या वैभवाची गोष्ट सांगताना हे सांगायला हवं, असं आता मला अगदी मनापासून वाटतं.

या लोकांना मलेशियात ओरांग अस्ली म्हणतात, म्हणजे मूळचे लोक. संख्या दोन लाखांच्या आसपास, अठरा जमाती, भाषा वेगवेगळ्या. माझ्या तीन धाग्यांत ते कुठेच नव्हते. ते या भूमीत सर्वांत आधीचे, आणि तरी बहुसांस्कृतिक देशाच्या जाहिरातीत त्यांना कोपऱ्यातली जागा.

मग मी तामान नगाराला गेलो. पहांग, केलांतान आणि तेरेंगानू या तीन राज्यांत पसरलेलं ४,३४३ चौरस किलोमीटरचं हे राष्ट्रीय उद्यान १९३०च्या दशकाच्या अखेरीस, पाचव्या जॉर्जच्या नावाने राखीव झालं. क्वालालंपूरहून जेरांतुतकडे जाताना वाटेत मैलोन्‌मैल तेलताडाच्या ओळी लागतात. त्या तेलाचा जगातला मोठा गिऱ्हाईक भारत आहे, आणि आपल्या फरसाणाच्या दुकानांत ते रोज तापतं. तेव्हा रान कुणी तोडलं हा प्रश्न विचारताना बोट फक्त तिकडे दाखवून भागत नाही.

सह्याद्रीत हेच सगळं आहे, हा माझा जुना मुद्दाही तिथे टिकला नाही. आपलं रान पावसाच्या आणि कोरड्या महिन्यांच्या तालावर चालतं. इथे तसा कोरडा ऋतूच नाही. मोठी झाडं वर्षानुवर्षं फुलत नाहीत, आणि मग एखाद्या वर्षी मैलोन्‌मैल एकदम फुलतात. धनेशाच्या पंखांचा आवाज तेवढा ओळखीचा होता.

उद्यानाच्या हद्दीत ओरांग अस्लींपैकीच बातेक लोक राहतात, त्यांना तिथे राहायची आणि पोटापुरती शिकार करायची मुभा आहे. एका वयस्क बातेक माणसाने आम्हाला फुंकनळी दाखवली. लांब बांबूची पोकळ नळी, आत आणखी एक नळी. बाण म्हणजे ताडवर्गी झाडाची गुळगुळीत तासलेली काडी, मागच्या टोकाला भेंडासारख्या हलक्या गराची गुंडी, फुंकर तिच्यावर बसावी म्हणून. टोकाशी इपोह झाडाच्या चिकाचं काळं विष. हे झाड आपल्या पश्चिम घाटातही आहे. मग त्याने वेताचा एक लांब चाबूक ओढून खाली आणला, त्याच्या उलट्या काट्यांवरून बोट फिरवून दाखवलं आणि वेल वरच्या फांद्यांना कसा अडकत चढतो ते हातानेच समजावलं. मला मलय मोजकीच येते. "पाकचिक," असं काकांना म्हणतात तसं त्याला म्हणून मी विचारलं, की अगरू ओळखता का? तो हसला. झाडाच्या सालीवर टकटक करून कान लावल्याचा अभिनय केला, आणि मान हलवून "नाही, आता नाही" असं म्हणाला.

या भेटींबद्दल माझं मन पूर्ण निश्चिंत नाही. होडीतून पर्यटक उतरतात, नळी फुंकून बघतात, फोटो काढतात, निघतात. कुणाच्या झोपडीत डोकावतात, पोरांना चॉकलेट वाटतात. २०१९ मध्ये याच उद्यानाच्या केलांतानकडच्या तोंडाशी, कुआला कोहच्या बातेक वस्तीत गोवराची साथ आली आणि अनेक जीव गेले. भोवतालचं रान तेलताडाने खाल्लेलं, पाण्याबद्दल वस्तीच्या तक्रारी जुन्याच. लशीने टळणाऱ्या आजाराने एवढी माणसं जाणं ही शरमेची गोष्ट आहे, कुठल्याही देशाला. दुसरीकडे, क्वालालंपूरच्या विमानतळाला जोडणाऱ्या महामार्गासाठी १९९५ मध्ये जमिनीवरून हुसकावलेल्या तेमुआन या दुसऱ्या ओरांग अस्ली जमातीच्या लोकांनी सरकारला कोर्टात खेचलं, आणि २००२ मध्ये न्यायालयाने त्या जमिनीवरचा त्यांचा हक्क मान्य केला. सागोंग तासी खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे. ही माणसं पाहुण्यांच्या दयेवर नाहीत, एवढं गटातल्या प्रत्येकाला होडीत बसण्याआधी कळायला हवं.

आता माझा क्रम असा आहे. आधी केपोंग, कारण तिथे गुडघे दुखणाऱ्यांनाही जाता येतं आणि कापुराचं पान हातात घेता येतं. मग तामान नगारा, शक्यतो फेब्रुवारी ते सप्टेंबर, कारण वर्षअखेरीच्या पावसात नद्या फुगतात. बातेक वस्तीत जायचं तर लहान गटाने, सर्दी-ताप असलेल्याने मागे राहायचं, आणि पैसे वस्तीच्या हाती पडतात ना हे होडीवाल्याला आधी विचारायचं. सगळ्यांत शेवटी मलाक्का. दापोलीच्या बाई पुढच्या गटात पुन्हा येणार आहेत. राजवाड्यातल्या पुतळ्यांसमोर या वेळी त्यांनीच बोलायचं, असं आमचं ठरलं आहे.