सावित्रीकांठचा एक इंग्रज कुलवृत्तांत

महाबळेश्वरीं गेलेला मनुष्य पंचगंगेचें तीर्थ घेतो आणि दुसऱ्या दिवशीं आर्थरसीटवर जाऊन दरी पाहतो. गेल्या मार्गशीर्षांत आम्हींहि तेंच केलें. फरक एवढाच कीं, आमच्या पिशवींत आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचीं मुद्रितें होतीं. तीन वर्षें गांवोगांव हिंडून, नातलगांचीं जुनीं दप्तरें चाळून आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या उतरून तीं तयार झालीं होतीं. वंशावळीचें वेड लागलेल्या माणसास कोणतेंहि नांव दिसलें, कीं हा कोणाचा कोण, असा प्रश्न पडल्यावांचून राहत नाहीं. मग हा आर्थर तरी कोण?

वाटाड्याचें उत्तर तयारच होतें. “साहेबाची बायको नि मुलं या सावित्रीत बुडाली. तेव्हापासून तो इथं बसून नदीकडं बघत राहायचा.” ऐकून बरोबरच्या स्त्रियांचे डोळे पाणावले. जुन्या सरकारी गॅझेटियरांत मात्र साधेंच कारण दिलें आहे : आर्थर मॅलेट यांनीं तेथें प्रथम घर बांधलें, म्हणून तें नांव. दोन्ही गोष्टी एकमेकींस खोट्या पाडीत नाहींत. परंतु नांव घरामुळें पडलें, हेंच आम्हांस अधिक सयुक्तिक वाटतें. शोक करणारास आसनाची गरज नसते.

हे मॅलेट घराणें मूळचें नॉर्मन. १०६६ सालीं विल्यम राजानें इंग्लंड जिंकलें, त्या स्वारींत एक विल्यम मॅलेट होता. सॉमरसेट परगण्यांतील करी मॅलेट व शेप्टन मॅलेट हीं गांवें अद्याप त्या कुळाचें नांव वागवीत आहेत. १२१५ च्या मॅग्ना कार्टाची अंमलबजावणी करून घेण्यास जे पंचवीस सरदार नेमले गेले, त्यांतहि एक मॅलेट आहे. पुढें मोठेपण ओसरलें, आणि अठराव्या शतकांत याच कुळांतील एका ग्रामोपाध्यायाचा पुत्र कंपनीच्या नोकरींत शिरून मुंबईस आला. तोच चार्ल्स वॉर मॅलेट, पेशव्यांच्या दरबारांतील इंग्रजांचा पहिला रेसिडेंट.

१७८६ सालीं तो पुण्यास आला व १७९७ पर्यंत राहिला. मुळा-मुठेच्या संगमावर त्याचा बंगला होता. पुढें १८१७ सालीं खडकीच्या लढाईच्या दिवशीं संगमावरील ही रेसिडेन्सी जळाली. टिपूविरुद्ध १७९० सालीं जो तह झाला, तो सवाई माधवरावांच्या दरबारांत त्यानेंच घडवून आणिला, आणि त्याबद्दल १७९१ सालीं त्यास बॅरोनेट ही वंशपरंपरागत पदवी मिळाली. त्या दरबाराचें भव्य चित्र जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानें योजिलें. परंतु १७९५ सालीं तो निवर्तला, म्हणून तें टॉमस डॅनियलनें पुरें केलें. पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट याची वेरुळचीं रेखाचित्रेंहि याच मॅलेटच्या आश्रयानें झालीं. तीं आज अमेरिकेंत येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहेत. शनिवारवाड्याच्या सावलींत वाढलेल्या एका तांबटाचें काम पाहावयास सातासमुद्रांपलीकडे जावें लागावें, याचें आम्हांस वाईट वाटतें. पण काम टिकलें, हेंहि थोडें नाहीं.

इंग्लंडांत परतल्यावर १७९९ सालीं मॅलेटनें वेल्सच्या कन्येशीं, सुझॅनाशीं, विवाह केला. त्यांस आठ पुत्र झाले. थोरला अलेक्झांडर परराष्ट्रखात्यांत नांवारूपास आला व त्याचा मुलगा एडवर्ड बर्लिन येथें इंग्लंडचा वकील झाला. कांहीं पुत्रांची पावलें मात्र बापाच्याच वाटेनें मुंबई इलाख्यांत वळलीं. त्यांपैकीं ह्यू पॉइंट्झ हा ठाण्याचा कलेक्टर. १८५० च्या मे महिन्यांत चौक गांवाहून डोंगर चढून त्यानें माथेरान इंग्रजांच्या नजरेस आणिलें. दुसरा आमचा आर्थर. जन्म १८०६, मृत्यु १८८८.

इंग्रजांच्या वंशावळीचा आधार म्हणजे देवळांतील नोंदवह्या. जन्मसंस्कार, विवाह व दफन यांची नोंद प्रत्येक परगण्याच्या पाद्र्यानें ठेवावी, असा हुकूम १५३८ पासून आहे. परदेशीं गेलेल्यांचा माग काढण्यास कंपनीच्या पाद्र्यांचीं पत्रकें उपयोगीं पडतात. मुंबई, मद्रास व बंगाल येथून त्यांच्या नकला लंडनला जात, आणि आज त्या ब्रिटिश लायब्ररींत जपलेल्या आहेत. त्यांना जोड मृत्युपत्रांची व थडग्यांवरील लेखांची. आपल्याकडे जें काम उपाध्यायाची वही करिते, तेंच तेथें पाद्र्याची वही करिते.

परंतु वही कोणाची नोंद घेते, हाच खरा प्रश्न. सुझॅनाशीं लग्न होण्यापूर्वीं पुण्यास चार्ल्स मॅलेटच्या घरीं अंबर कौर नांवाची एक स्त्री होती. वेल्सनें तिचें चित्र काढिलेलें आहे. तिच्या पोटचीं मुलें विलायतेस पाठविण्यांत आलीं. बॅरोनेटांच्या वंशावळी पदवीचा वारस दाखविण्यासाठीं छापतात, त्यामुळें त्यांत लग्नाच्या संततीलाच स्थान. चित्रकारानें जिला पाहिलें, तिला लेखनिकानें पाहिलें नाहीं.

हें वाचीत असतां आम्हांस आमचींच मुद्रितें टोचूं लागलीं. आमच्या आजोबांची धाकटी बहीण बालविधवा होती. तिनें पुढें पुनर्विवाह केला. घरच्या जुन्या वहींत तिच्या नांवावर काळी शाई फिरविलेली आहे, आणि आम्हीं ती शाई आज्ञा म्हणून मानिली होती. ‘कन्या एक’ असेंहि छापिलें नव्हतें. कांहीं वृद्ध नातलगांस वाईट वाटूं नये, अशी सबब आम्हीं स्वतःस सांगितली होती. ते वृद्ध वारल्यास आतां वीस वर्षें झालीं!

महाबळेश्वराहून आम्ही घरीं न जातां महाडमार्गें बाणकोटास गेलों. १७५६ च्या तहानें पेशव्यांनीं इंग्रजांस दिलेलें हें ठाणें. किल्ला लहान, जांभ्या दगडाचा. वरून सावित्रीचें मुख व हरिहरेश्वराकडचा डोंगर दिसतो. उगमाशीं जिचें तीर्थ ओंजळींत घेतलें, ती येथें फर्लांगभरहून रुंद होऊन समुद्रास मिळते, आणि मुखाशीं उथळ वाळूवर लाटा फुटत असतात. १८५३ च्या डिसेंबरांत आर्थर मॅलेटची तरुण पत्नी व तान्ही मुलगी येथेंच होडी उलटून बुडालीं. त्यांच्याबरोबर नावाडीहि गेले. पुढें बत्तीस वर्षांनीं, १८८५ सालीं, ऐंशीच्या घरांत आलेल्या आर्थरनें आपल्या घराण्याच्या इंग्लंडांतील शाखेचा वृत्तांत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. मुलांमाणसांचीं नांवें ओळीनें मांडणारा हा म्हातारा आतां आम्हांस परका वाटेना. नावाड्यांचीं नांवें मात्र कोणाच्याच वंशवृक्षांत येण्याचें कारण नव्हतें. तीं खाडीकांठच्या घरांतून दिवसपाण्याला घेतलीं गेलीं असतील, तेवढींच.

वेश्वीच्या धक्क्यावर फेरीबोट येण्यास अवकाश होता. तेथील बांकावर आम्हीं मुद्रितें काढून आजोबांच्या भावंडांचें पान उघडलें आणि समासांत त्या बहिणीचें नांव लिहिलें. तिच्या यजमानांचें नांव व त्यांचें गांव आम्हांस ठाऊक नाहीं. वाईस एक चुलत भगिनी आहेत, त्यांना ठाऊक असावें. त्यांस पत्र टाकिलें आहे. उत्तर येईपर्यंत छपाई थांबवावी, असें छापखान्यास कळविलें, तेव्हां मालक थोडे रागावले.