भाजणावळ

वसुबारस जवळ आली की साताऱ्यात काय नि सांगलीत काय, बेकरीच्या गल्लीला वेगळाच वास सुटतो. वेलदोडा, तापलेलं तूप आणि त्यामागे लाकडाचा धूर. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर न्यायला सांगितलं, तेव्हापासून या वासाला एक रुखरुख चिकटली आहे. आदेश मुंबईपुरता होता, आणि हवेचा विचार करता योग्यच होता. पण तो वाचताना डोळ्यांसमोर येतो तो इकडचा, दिवाळीतला काळा पडलेला पत्रा. त्यावर घरीच ओळीने मांडलेले नानकटाईच्या पिठाचे गोळे, प्रत्येकावर अंगठ्याने दाबलेला चारोळीचा दाणा आणि कोपऱ्यातल्या गोळ्यात खोचलेली आडनावाची चिठ्ठी. ती नानकटाई भाजली परक्या भट्टीत, तरी ती घरचीच. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मांडावंसं वाटतं, कारण तिला फराळात उपरी ठरवणारी माणसं मला फार पूर्वीपासून खटकतात. चकली घरची, करंजी घरची, आणि नानकटाई मात्र ‘बेकरीतली’, असं सहज म्हटलं जातं.

घरचं म्हणजे घरच्या चुलीवर झालेलं, हा नियम आपण दुसऱ्या कशालाच लावत नाही. दळण गिरणीतून येतं, पोळी घरची राहते. कांदा-लसणाच्या चटणीची मिरची कांडपावरून कुटून येते, पण या दोन जिल्ह्यांत त्या चटणीला कुणी बाहेरची म्हणून दाखवावं! तिची चव आडनावागणिक बदलते आणि त्याचा अभिमान असतो. उसाचा गूळ गुऱ्हाळावर शिजतो, तरी ढेप आपल्या शेतातली. मग भट्टीनेच काय घोडं मारलंय? खरी मेहनत तर पत्रा घराबाहेर पडण्याआधीच झालेली असते. एक वाटी घट्ट तूप आणि एक वाटी पिठीसाखर परातीत तळहाताने फेसत बसायचं. पिवळट तूप पांढरं होतं, हलकं होतं, पाण्यात थेंबभर टाकलं तर तरंगतं. तेव्हाच दोन-सव्वादोन वाट्या मैदा घालायचा, हवा तर थोडा रवा, थोडं बेसन, चिमूटभर सोडा, वेलदोडा, जायफळ. पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की मैद्याला चिकटपणा येतो आणि नानकटाई कडक होते. तुपात कोंडलेली हवा आणि सोड्याचा वायू भट्टीत फुगतात, तोवर वरचा थर सुकलेला असतो, आणि मग तो तडकतो. त्या चिरा म्हणजे हाताने नीट फेसल्याची पावती. भट्टीवाल्याला त्यांचं श्रेय कुणी देत नाही आणि तोही ते मागत नाही. तो फक्त भाजणावळ घेतो.

प्रमाणाचाही यात मोठा वाटा आहे. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या कुंडलच्या कमलाबाई ओगले यांनी 1970 साली आलेल्या ‘रुचिरा’त पाककृती वाटी-चमच्यात बांधून दिल्या, आणि हजारो स्वयंपाकघरांना अंदाजाच्या जागी हातातलं माप मिळालं. वाटी घरातली असली की पदार्थही घरातला होतो. तूप कमी-जास्त झालं, नानकटाई पसरली किंवा दगडासारखी झाली, तर बोल भट्टीला लागत नाही, परातीला लागतो. ज्याची चूक त्याचा पदार्थ, हे माप मला सर्वांत प्रामाणिक वाटतं.

कुणी म्हणेल, ही मुळात आपली नव्हेच. खरं आहे. सुरतेला सतराव्या शतकात डचांनी वखार घातली, त्यांच्या भट्ट्या पुढे पारशी कारागिरांच्या हाती गेल्या आणि तिथून नानकटाई पसरली, असं सांगतात. ‘नान’ हा शब्द तर उघडच फारसी आहे. पण मिरची, बटाटा, उपासाचा साबुदाणा यांचीही वंशावळ सातासमुद्रापारचीच. मला यापेक्षा वेगळीच एक तारीख महत्त्वाची वाटते. 1849 साली मुंबईत परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडायची शपथ घेणाऱ्याला तिथे ख्रिस्ती भटारखान्यातला पाव खावा लागे, आणि तेही गुप्तपणे, कारण बाहेर कळलं तर वाळीत पडायची भीती. पावाचा एक घास म्हणजे बाटणं होतं. त्याच समाजातल्या बायका पुढे ऐन दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या ताटात जाणारं पीठ उचलून भट्टीवर देऊ लागल्या. भट्टी मुसलमानाची आहे की आणखी कुणाची, हे विचारणं मागे पडलं. विचारायचं ते एवढंच, पत्रा कधी मिळेल. यासाठी कुणी शपथ घेतली नाही, सभा भरवली नाही. नानकटाईचा विचार करता करता मी इथवर येईन असं वाटलं नव्हतं, पण त्या चिठ्ठीकडे आता नुसती खूण म्हणून बघवत नाही. आपलं नाव आपण परक्याच्या हाती विश्वासाने दिलं होतं.

आरोग्याचा आक्षेप मात्र मी टाळणार नाही. मैदा, साखर आणि वनस्पती यांचं कौतुक करण्यासारखं फार नाही. वनस्पतीतल्या ट्रान्स फॅटवर 2022 पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली, ती आधीच यायला हवी होती. इकडच्या खपली गव्हाचं पीठ आणि साजूक तूप घेतलं तरी नानकटाई होते, रंग जरा काळसर येतो इतकंच. घरी ओव्हन असताना बेकरीची पायपीट कशाला, हाही प्रश्न रास्त आहे. घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी वीस-पंचवीस नग निघतात आणि ते चांगले होतात, यात वाद नाही. पण विटांच्या भट्टीची धग वेगळी. रात्री पाव निघतात तेव्हा ती कडक तापलेली असते. मग ती हळूहळू उतरत जाते आणि पहाटे, आच नरमल्यावर, पत्रे आत सरकतात. चारी बाजूंच्या विटा साठवलेली उष्णता सावकाश सोडतात, म्हणून तळ करपत नाही आणि पोट कच्चं राहत नाही. विटांची भट्टी गॅसवर चालवली तरी त्यांचा हा गुण जात नाही, त्यामुळे धुराशी माझं भांडण नाही आणि आदेशाशीही नाही. भीती वेगळीच आहे. घरची पिठं येईनाशी झाली, तर हा पसारा कुणी मांडून ठेवणार नाही. तेव्हा यंदा तूप घरी फेसा, पत्रा भरा, चिठ्ठी लावा आणि गल्लीतल्या भट्टीवर नेऊन द्या. पण धनत्रयोदशीच्या आधी द्या. त्यानंतर नंबर लागत नाही.